आधी मांडणी, मग पाहणी

पडद्यावर पहिली लाल रेघ उमटली तेव्हा रसिका किर घाबरली. समोरच्या खुर्चीत बसून जबाब देणारा माणूस तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

"हं, पुढे बोला," चौकशी अधिकारी वैराळकर म्हणाले.

"पुढे काय बोलायचं साहेब? नऊ जूनला सकाळी दहाच्या सुमारास सुपरवायझर पिलणकरांनी दोन्ही टाक्यांच्या सेफ्टी व्हॉल्व्हखाली लोखंडी चकत्या बसवल्या. व्हॉल्व्ह गळत होते, वास येत होता, नवे आले नव्हते. सीझनच्या आधी काढू म्हणाले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." महेंद्र किर बोलायचं थांबला आणि त्याने टोपीने कपाळ पुसलं. "एक टाकी फुटली. रुपेश भाटकर गेला, दोन बायका गेल्या. दुसऱ्या टाकीखाली ती चकती अजून हाय. एक तारखेला कारखाना चालू केलात तर..."

"ते आमच्यावर सोडा. नऊ जूनला तुमची ड्युटी होती का?"

"नव्हती."

"सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाता?"

"सुट्टीला मी त्या फाटकाकडे बघत पण नाय."

हे दोन्ही जबाब अर्ध्या तासापूर्वीच नोंदले गेले होते, साहेब नुसते खात्री करून घेत होते. रसिकाच्या पडद्यावर 'महेंद्र' नावाचा ठिपका 'कारखान्याबाहेर' या वर्तुळात बसला होता आणि 'चकती बसवताना पाहिलं' हे वर्तुळ त्याला पलीकडून ओढत होतं. मधली रेघ ताणली गेली आणि लालभडक झाली. वैराळकरांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. मग महेंद्रकडे.

"किर, नक्की काय ते सांगा. तुम्ही होता की नव्हता?"

महेंद्र खाली बघत म्हणाला, "मी बघितलं साहेब. बस."

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर भीती कशाची ते कळणार नाही.

शाळेत बाई फळ्यावर खडूने वर्तुळं काढायच्या ते आठवतं ना? सगळे बोंबील माशांच्या वर्तुळात. झाडावर चढणारे प्राणी वेगळ्या वर्तुळात. दोन्ही वर्तुळं एकमेकांना शिवत नाहीत. आता कुणी येऊन म्हणालं की काल मी माडावर एक बोंबील बघितला, तर तो ठिपका कुठे काढणार? दोन्हीकडे काढता येत नाही. हीच गोष्ट दहा पानांच्या जबाबात लपलेली असेल तर वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तिसऱ्या पानावरचं वाक्य आठव्या पानावर पोचेपर्यंत डोक्यातून निसटतं. चित्रात मात्र डोळा ते दोन सेकंदांत पकडतो. पुण्यातल्या दोन गणितज्ञ बायकांनी माणसांना मदत म्हणून हे यंत्र काढलं. तुम्ही बोला, ते प्रत्येक वाक्याचं वर्तुळ, ठिपका किंवा रेघ करतं, सगळं एकत्र बसवून बघतं, आणि बसत नाही तिथे लाल होतं. सरकारी नाव विसंगतीदर्शक. बंदरावरचे लोक त्याला जाळं म्हणायचे.

सुरुवातीला सगळ्यांना त्याची मजा वाटली. पुढाऱ्यांची भाषणं लोक त्यात घालून बघत आणि पोट धरून हसत. मग ते विम्याच्या कचेरीत शिरलं, कॉलेजच्या प्रवेशात शिरलं, आणि सहा वर्षांपूर्वी त्याचा कायदा झाला. अपघात झाला की आधी मांडणी, मग पाहणी. म्हणजे साक्षीदारांच्या जबाबांचं चित्र आधी काढायचं. चित्रातलं लाल कशानेही गेलं नाही तरच तज्ज्ञ पाठवून जागेची तपासणी करायची. एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून, हा सरकारचा प्रश्न होता आणि तो खोटाही नव्हता. टाकी तपासायची तर आतला अमोनिया काढून ती रिकामी करावी लागते, दहा-बारा दिवस जातात.

यंत्राची एक गोष्ट मात्र लोकांनी सोयीस्करपणे विसरून टाकली होती. या तीन वाक्यांपैकी तिन्ही एकदम खरी असू शकत नाहीत, एवढंच ते सांगतं. त्यातलं खोटं कुठलं ते त्याला ठाऊक नसतं, ठाऊक असूच शकत नाही. म्हणून कायद्याने तोडगा काढला, 'कमीत कमी काट'. जेवढी कमी वाक्यं वगळून बाकीचं चित्र जुळेल तेवढी वगळायची. चार माणसं एक बोलली आणि पाचवा वेगळं बोलला तर पाचवा गेला.

रसिका तालुक्याची मांडणीकार होती, सहा वर्षं हेच काम करत होती. चित्र तयार करायचं, वाचून दाखवायचं, आणि शेवटी 'मांडणी सुसंगत आहे' असं म्हणून सही करायची. भाऊच साक्षीदार आहे म्हटल्यावर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साहेब, दुसरं कुणी बघा. वैराळकर हसले होते. "अहो, यंत्राला कुठे नातीगोती असतात? बसा तुम्ही."

कारखान्याच्या बाजूने चार साक्षीदार होते. मॅनेजर घाग, सुपरवायझर पिलणकर आणि दोन फिटर. चौघांचं एकच म्हणणं की टाकीत साचलेलं तेल काढायची तोटी, म्हणजे कॉक, रुपेश भाटकरने उघडा टाकला आणि वायू सुटला. रुपेश तर मेला होता, तो काय बोलणार! चौघांची वर्तुळं डब्यात डबा बसावा तशी एकमेकांत बसली. एवढं चोख चित्र रसिकाने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं बोलणाऱ्याच्या मांडणीत थोडं लाल असतंच. कुणी वेळ चुकतो, कुणी वार चुकतो, कुणी शर्टाचा रंग चुकतो. ही माणसं वकिलाकडे बसून, त्याच यंत्राची घरगुती आवृत्ती समोर ठेवून, लाल जाईपर्यंत घोकून आली होती हे तिला पक्कं कळत होतं. पण कळून उपयोग काय, ते चित्रात थोडंच दिसणार होतं!

त्या दिवशी अठ्ठावीस जुलै होती. एकतीसला पावसाळी मासेमारी बंदी संपणार आणि एकला एकशेचाळीस बोटी बर्फ भरून समुद्रात जाणार. बर्फाशिवाय बोट म्हणजे रिकामं खोकं. वैराळकरांना वरून दिवसाला चार फोन येत होते.

* * *

"दादा, तू होतास ना रे तिथे?" जेवणाच्या सुट्टीत घरी आल्या आल्या तिने विचारलं.

महेंद्र पाटावर बसून भात कालवत होता. त्याची बायको वैशाली वाढत होती. वैशाली बंदरावर मासळी निवडायच्या कामाला जायची, कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमध्ये. बंदी उठली की पहाटेपासून तीनशे बायका त्या शेडमध्ये बसतात, बोटी परत येईपर्यंत टोपल्या तयार करायला आणि मग मासळी निवडायला.

"होतो," महेंद्र म्हणाला.

"मग ड्युटी नव्हती कशाला सांगितलंस?"

"रजिस्टरात नव्हती."

"म्हणजे?"

तो भात कालवतच राहिला. मग वैशालीच ताट बाजूला सारत म्हणाली, "अवो सांगा ना बहिणीला! तिच्यापाशी नाय बोलायचं तर कुणापाशी?"

बर्फाच्या कारखान्यात एक जुनी रीत होती, हातउसनी ड्युटी. कुणाला अडचण आली की दुसरा त्याच्या नावावर उभा राहायचा आणि रजिस्टरात त्याची सही ठोकायचा. पुढे कधीतरी तो फेड करायचा. चेहरा ओळखणारं यंत्र आणलं होतं मध्ये, पण खाऱ्या हवेने चार महिन्यांत त्याची वाट लागली आणि पुन्हा सहीचं रजिस्टर आलं. उसन्या ड्युटीचा एकच नियम होता, नाव कधी घ्यायचं नाही. मालकापुढे नाही, पोलिसांपुढे नाही. महेंद्रने बावीस वर्षांत तो पाळला होता. त्याच्याही नावावर लोक उभे राहिले होते, बाप गेला तेव्हा सलग सात दिवस.

"नऊ जूनला इम्तियाज सोलकरची ड्युटी होती," महेंद्र म्हणाला. "शहनाजभाबीचं ऑपरेशन होतं कोल्हापूरला. डायलिसिससाठी हातात ती नळी बसवतात ना, ते. तो टेंपररी. रजा मागितली तर घरी बस म्हणतात. मी उभा राहिलो. आता नाव घेतलं तर त्याची नोकरी जाईल आणि दवाखान्याचं कार्ड पण जाईल. आठवड्याला दोनदा डायलिसिस हाय तिचं, गो. तू सांग, मी काय करू?"

एका बाजूला शहनाज आणि दुसऱ्या बाजूला ती शेड. रसिकाने नकळत वैशालीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" वैशाली म्हणाली. "मी एक तारखेला घरी बसेन हो. पण त्या बाकीच्यांना काय सांगू? माझ्या नवऱ्याने बघितलंय पण तो बोलत नाय, असं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया दाबून द्रव करतात आणि पुन्हा उडू देतात. उडताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांत बर्फ जमतो. दाबलेला अमोनिया टाकीत असतो. दाब वाढला तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून जास्तीचा वायू उंच नळीतून आभाळात सोडतो. त्या व्हॉल्व्हखाली चकती बसवणं म्हणजे कुकरच्या शिटीत खुंटी ठोकणं. वीस जुलैला चाचणीसाठी एक टाकी चालवली, तर सांधा फुटून पांढरा ढग बाहेर आला होता. दोन बायका शेडची झाडलोट करायला गेल्या होत्या, त्या दारापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. त्या दिवशी शेडमध्ये फक्त दोघी होत्या.

"आपण इम्तियाजकडे जाऊ," रसिका म्हणाली. "त्यालाच विचारू. दोघांनी एकच सांगितलं तर चित्र जुळेल दादा. दोघांचं जुळलं की यंत्र ऐकतं, मी रोज बघते ना." तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं सोलकरांच्या वाडीत गेली. इम्तियाज पडवीत जाळ्याची दुरुस्ती करत बसला होता. महेंद्रला पाहताच त्याच्या हातातली सुई थांबली. आपल्याकडे कशासाठी आलेत हे त्याला न सांगताच कळलं.

"म्हेंद्रदा, तुम्ही नाव घेतलंत?"

"नाय घेतलं. म्हणून तर आलोय."

इम्तियाज रडकुंडीला आला. "मना आठ दिवस झोप नाय. रुपेश माझ्या नावावर दोनदा उभा राहिला होता. आता म्हणतात त्यानेच कॉक उघडा टाकला. मी जबाबात सांगून बसलो, नऊ तारखेला मी ड्युटीवर होतो, काही बघितलं नाय. काय करू? कार्ड बंद झालं तर हिला कुठे नेऊ?"

आतून शहनाज भिंतीला धरत बाहेर आली. चेहरा सुजलेला, डाव्या हाताला पट्टी. रसिकाने उठून तिला बसायला जागा करून दिली.

"किती बायका बसतात तिथे?" शहनाजने विचारलं.

"तीनशे तरी असतील."

"माझी आई बसायची त्या शेडमध्ये. मी पण बसलीय लग्नाआधी." ती नवऱ्याकडे वळली. "जा आणि सांगा खरं काय ते. माझं पुढचं पुढे बघू. मी दर खेपेला त्या मशीनवर चार चार तास पडून काय विचार करायचा? कुणाच्या जिवावर पडलीय त्याचा?"

इम्तियाजने सुई जाळ्यात खोवली आणि शर्ट घालायला आत गेला. रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि थोडी आशाही. तेवढ्यापुरती तिची भीती गेली होती.

* * *

तीस तारखेला दोघांनी नवे जबाब दिले. महेंद्र म्हणाला, नऊ जूनला मी इम्तियाजच्या नावावर ड्युटी केली. इम्तियाज म्हणाला, त्या दिवशी मी कोल्हापुरात होतो. दोघं एकमेकांना पूरक, अगदी जुळणारं बोलले. रसिकाने वाक्यं भरली आणि पडद्याकडे पाहिलं.

महेंद्रच्या ठिपक्यातून एक नाही, चार लाल रेघा निघाल्या. इम्तियाजच्या ठिपक्यातून पाच. अठ्ठावीसचा महेंद्र तीसच्या महेंद्रला खोटं पाडत होता. आधीचा इम्तियाज आत्ताच्या इम्तियाजला खोटं पाडत होता. आणि दोघंही रजिस्टराला खोटं पाडत होते, ज्यात नऊ जूनची सही 'इ. सोलकर' अशी स्वच्छ होती. जबाब बदलायची मुभा होती, पण बदललेल्या जबाबाला लेखी नोंदीचा आधार लागायचा. उसन्या ड्युटीची लेखी नोंद कुठून असणार? नोंद ठेवायची नाही, हीच तर तिची रीत होती. कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या कागदांवर शहनाजचं नाव होतं, इम्तियाजचं नव्हतं.

यंत्राने काट मारली. दोन्ही ठिपके करडे झाले आणि पडद्याच्या कडेला जाऊन पडले. खाली अक्षरं उमटली. साक्षीदार बाद, स्वतःशी विसंगत.

ते दोघं गेल्यावर चित्रात लाल काही उरलंच नाही. घाग, पिलणकर आणि दोन फिटर यांची वर्तुळं हिरवीगार झाली, आधीपेक्षाही चोख. आपणच या दोघांना उठवून इथे आणलं आणि खोट्याच्या वाटेतला शेवटचा काटा काढून दिला, हे रसिकाच्या लक्षात आलं.

"साहेब, एक मिनिट," ती घाईने म्हणाली. "रजिस्टरच खोटं आहे असं धरून मांडून दाखवते. बघा तरी."

तिने रजिस्टर वगळलं. क्षणात पडदा लालेलाल झाला. रजिस्टर गेल्यावर बाकीच्या हजेऱ्या निखळल्या, हजेऱ्या गेल्यावर दुरुस्तीचे दाखले निखळले, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासल्याचं प्रमाणपत्र ज्या दिवशीचं होतं त्या दिवशी सही करणारा माणूस भलत्याच ठिकाणी निघाला. इथून तिथून एक रेघ धड नव्हती. खरा कारखाना असाच होता, आणि हे ओळखायला यंत्रसुद्धा लागत नव्हतं.

वैराळकरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

"रसिकाताई, हे हिरवं आणि हे लाल. यातलं वर कुठलं पाठवू, तुम्हीच सांगा. हे लाल पाठवलं तर वरचे माझंच चित्र काढायला बसतील." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या दुपारी अंतिम वाचन. तुमची सही लागेल. नसेल करायची तर जिल्ह्याहून दुसरा मांडणीकार मागवतो, दोन तासांत येईल. मला तसं करायला लावू नका."

बाहेर व्हरांड्यात महेंद्र आणि इम्तियाज बाकावर बसले होते. तिने त्यांना सांगितलं तेव्हा इम्तियाज नुसता "अच्छा" म्हणाला. महेंद्रला मात्र कळेना. "पण आम्ही खरं सांगितलं गो," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "दोघांनी सांगितलं." संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावर दोघांना कामावरून काढल्याची नोटीस लागली.

* * *

एकतीसची दुपार. अंतिम वाचनाआधी मांडणीकाराला एक अधिकार असतो. स्थळकाळ पूर्ण करायचा. ज्या साक्षीदाराच्या चित्रात मागच्या किंवा पुढच्या एखाद्या वेळेची जागा रिकामी असेल ती विचारून भरायची. तो निव्वळ सोपस्कार असतो, वकीलसुद्धा तेवढ्या वेळात चहा प्यायला जातात. रसिका रात्रभर विचार करून आली होती. चौघांना तिने एकेक करून आत बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला.

"उद्या एक तारखेला सकाळी सात ते दहा तुम्ही कुठे असाल?"

घाग सहज म्हणाले, "पुण्याला. मुलीची ॲडमिशन आहे. मिसेस पण येतायत." पिलणकर म्हणाला, सासुरवाडीला चिपळूणला. जरा थांबून म्हणाला, पोरांना आजच पाठवलंय. पहिला फिटर रजेवर, बाहेरगावी. दुसरा फिटर गडबडला, मग म्हणाला गावी शेतीचं काम आहे. या प्रश्नाची तयारी कुणी करून घेतली नव्हती. त्यात खोटं बोलण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

तिने उत्तरं भरली आणि वैराळकरांना बोलावलं.

"झालं का जुळून?"

"झालं साहेब. कुठेही लाल नाही."

"मग वाचा."

"वाचते. त्याआधी चित्र बघा. नुसतं बघा."

पडद्यावर एक मोठं वर्तुळ होतं, बंदर. त्याच्या आत लहान वर्तुळ, कारखाना आणि त्याला लागून शेड. वेळ, उद्या सकाळचे सात. वर्तुळाच्या आत बारीक ठिपक्यांचा थवा होता, बंदराच्या पासवरून घेतलेली तीनशे बारा नावं. त्या चौघांचे हिरवे ठिपके वर्तुळाच्या बाहेर होते. चौघेही, चार दिशांना. 'टाकी सुरक्षित आहे' या वाक्यातून निघालेल्या चार रेघा इतक्या लांब जाऊन त्यांना भेटत होत्या.

वैराळकर पडद्याजवळ सरकले. "हे विसंगत नाही," ते हळूच म्हणाले. "टाकी सुरक्षित आहे आणि मी पुण्याला जातो, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात."

"असू शकतात साहेब. म्हणून यंत्र लाल झालं नाही."

"योगायोग असेल."

"चौघांचा?"

त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं. मग त्यांचं बोट कारखान्याच्या वर्तुळात, कम्प्रेसरच्या अगदी दाराशी असलेल्या एका वेगळ्या ठिपक्यावर थांबलं. "हा कोण?"

"तुम्ही. सातला नारळ फोडायला तुम्हाला बोलावलंय ना? कालच घागांचं पत्र आलंय, मी आवक नोंदवहीत नोंदवलं. प्रमुख पाहुणे."

वैराळकरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते खुर्चीवर बसले, पुन्हा उठले आणि खिडकीशी गेले. खाली बंदरात बोटींवर नवे झेंडे चढत होते, बायका टोपल्या धूत होत्या. साहेबांनी खिडकीचा गज धरला. रसिकालाही भीती वाटत होती. हा माणूस आता फक्त स्वतःच्या जाण्याचं रद्द करील आणि बाकी सगळं तसंच ठेवील, ही भीती.

"मी नाही गेलो तर?" ते म्हणाले.

"मग पाचवा ठिपका बाहेर. तीनशे बारा आत."

ते टेबलाशी परत आले. "परवानगी नाकारली तर कारण काय लिहू? मांडणी सुसंगत आहे, तुम्हीच म्हणता."

"मांडणी सुसंगतच आहे. मी सही करते तशी. तुम्ही खाली हाताने लिहा, मला भीती वाटते."

"असं कुणी लिहितं का हो? भीती मांडणीत बसते कुठे?"

"नाही बसत. म्हणून तर हाताने लिहा म्हणते."

त्यांनी पेन शोधलं. टेबलावर पेन नव्हतं, कुणी वापरतच नव्हतं, शेवटी शिपायाच्या खिशातलं घेतलं. आणि हिरव्या चित्राच्या खाली, वेड्यावाकड्या अक्षरांत, सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच असं लिहिलं, 'सर्व जबाब जुळतात. तरी मला भीती वाटते. दुसरी टाकी रिकामी करून तपासल्याखेरीज कारखाना चालू करू नये.' आणि सही केली.

* * *

त्या संध्याकाळी बंदरावर जो गदारोळ झाला तो विचारू नका. बोटवाल्यांनी वैराळकरांच्या नावाने शिमगा केला. दुसरीकडून ट्रकने बर्फ आणावा लागला, तोही पुरला नाही. वैराळकरांची बदली झाली, पण टाकी रिकामी होईपर्यंत ती अडकून राहिली. बारा ऑगस्टला जिल्ह्याहून आलेल्या माणसांनी तोंडाला मुखवटे बांधून दुसऱ्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उतरवला. खाली लोखंडी चकती होती. गंजलेली, ताटलीएवढी. ती उचलून उन्हात धरली तेव्हा फाटकापाशी जमलेल्या बायकांतून एक हुंकार आला.

वैराळकरांना आनंद लपवता येत नव्हता. "महेंद्र किरांना बोलवा! नव्याने जबाब घेतो, आत्ता, इथे. आता बघू घाग आणि पिलणकर काय म्हणतात ते!"

महेंद्र गर्दीच्या मागे उभा होता. बारा दिवसांत तो उतरला होता. इम्तियाजचं कार्ड दोन तारखेला बंद झालं. महेंद्र शहनाजला आठवड्यातून दोनदा रिक्षाने घेऊन जायचा, धर्मादाय दवाखान्यात नंबर लावायचा, कधी लागायचा, कधी नाही. बाद साक्षीदार म्हणून त्या दोघांची नावं यंत्रात चढली होती आणि पाच वर्षं तशीच राहणार होती. रेशनच्या अर्जावर, नव्या नोकरीच्या अर्जावर, जिथे तिथे त्यांच्या नावापुढे ती करडी खूण यायची. समोरचा माणूस ती खूण बघून खुर्चीत जरा मागे सरकायचा.

रसिकाने छोटं यंत्र उघडून मांडीवर घेतलं. महेंद्र समोर येऊन उभा राहिला.

"किर," वैराळकर म्हणाले, "ही चकती पिलणकरांनी बसवताना तुम्ही पाहिलं होतं. बरोबर?"

महेंद्रने चकतीकडे पाहिलं. मग त्याची नजर रसिकाकडे गेली, तिच्या चेहऱ्याकडे नाही, मांडीवरच्या पडद्याकडे. पडदा कोरा होता.

"बोला, घाबरू नका. आता पुरावा आहे."

"मला आठवत नाय साहेब," महेंद्र म्हणाला.

"अहो, काय बोलताय? नऊ जून, सकाळी दहा..."

"आठवत नाय."

"दादा!" रसिका ओरडलीच. तो तिच्या आवाजाने दचकला, पण त्याने मान वर केली नाही. बावीस वर्षांत कुठल्या दिवशी कुठला पंप बिघडला ते तारखेसकट सांगणारा माणूस होता तो. तिला त्याचा राग आला, दया आली, आणि या सगळ्याहून जास्त, तिला त्याची भीती वाटली. आपल्या सख्ख्या भावाची भीती वाटली.

वैराळकरांनी हात हलवला, नोंदवा म्हणून.

तिने ते तीन शब्द भरले. पडद्यावर एकच ठिपका उमटला, महेंद्र किर, कुठल्याच वर्तुळात नाही, कुठलीच रेघ नाही. लाल कुठे असणार? नियमाप्रमाणे तिला ते मोठ्याने वाचायचं होतं आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

"मांडणी," ती म्हणाली, "सुसंगत आहे."